गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका, आधी त्याला कुठं दुखतंय ते बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र आलं होतं, त्यांच्या घरातला कुत्रा हल्ली कुणी हात लावला की गुरगुरतो, काय करावं म्हणून. दोनच दिवसांनी त्याला उत्तर म्हणून दुसरं पत्र छापून आलं की पेपरची गुंडाळी करून नाकावर दोन फटके द्या, मालक कोण ते कळू द्या, आठ दिवसांत सरळ येतो. ते दुसरं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसले. कारण ते फटके आमच्या घरात देऊन झालेत. आठ दिवसांत नाही पण तीन आठवड्यांत आमचा कुत्रा खरंच गप्प झाला, आणि पुढं जे झालं ते त्या काकांच्या घरात होऊ नये एवढ्यासाठी हे पत्र आहे. मोठं झालंय, कापायचं असेल तर कापा, फक्त फटक्यांचा भाग कापू नका ही विनंती.

आम्ही साताऱ्याचे. आमचा बंडू लॅब्राडोर आहे, ४५ दिवसांचा होता तेव्हा आणला, आता आठ वर्षांचा आहे. घरात मी, माझे मिस्टर, मुलगी आणि सासूबाई. बंडूचा स्वभाव असा की गॅसवाला आला तरी त्याच्या पायात लोळणार, गल्लीतली सगळी पोरं त्याच्या अंगावर बसून मोठी झाली. आणि गेल्याच्या गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि तो गुरगुरला. आम्हाला वाटलं फटाक्यांमुळे घाबरलाय. मग भाऊबीजेला परत, मग मुलीवर, मग माझ्यावर. दर वेळी डोकं नाहीतर मान, आणि कधी कधी त्याला गाडीत चढवायला मागून उचललं की. हा पॅटर्न मला आज लिहिताना लख्ख दिसतोय, तेव्हा चार माणसांच्या घरात एकालाही दिसला नाही.

तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, लाडानं डोक्यावर बसलाय. ओळखीतून एक ट्रेनर आले, त्यांनी सांगितलं की कुत्रा स्वतःला घरातला बॉस समजायला लागलाय, लांडग्यांच्या कळपात जसा एक म्होरक्या असतो तसं त्याला वाटतंय, तेव्हा गुरगुरला की लगेच पाठीवर पाडायचा, गळा धरून दाबून ठेवायचा आणि गुंडाळलेल्या पेपरनं नाकावर द्यायचं. आम्ही ते केलं. मी केलं. पहिल्या आठवड्यात तो जास्तच गुरगुरला, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात बंद. ट्रेनरना पैसे दिले, वर पेढे दिले.

पुढं होळीला नणंद आली, तिचा मुलगा नऊ वर्षांचा. बंडू सोफ्याच्या कडेला पडला होता, पोरगं आलं आणि नेहमीसारखं त्याच्या मानेला मिठी मारली. आवाज नाही, काही नाही, एकदम चावला. मनगटाच्या वर दोन दात आत गेले. मी तिथंच होते, चार फुटांवर, आणि मला काही कळायच्या आत झालं, कारण कळवण्याचं जे एक साधन त्याच्याकडं होतं ते मीच तीन आठवडे मारून मारून काढून घेतलं होतं.

मुलगा आता छान आहे. त्याची जखम नळाखाली धरून साबण लावून १५ मिनिटं धुतली, घड्याळ लावून, हे मला माहीत होतं म्हणून झालं. हळद, चुना, तिखट असलं काही भरायला जाऊ नका, बायका अजून भरतात. दवाखान्यात रेबीजची लस दिली आणि दात आत गेले होते म्हणून जखमेच्या आसपास इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, तीही दिली. आमच्या बंडूचं वार्षिक रेबीजचं इंजेक्शन झालेलं होतं तरी डॉक्टरांनी कोर्स सोडू दिला नाही, पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. पोटातली चौदा इंजेक्शनं आता नसतात, लोक त्या जुन्या भीतीनं अजून दवाखाना टाळतात, ते नका करू.

पण घरातलं वातावरण म्हणजे विचारू नका. नणंदेनं दोन महिने फोन उचलला नाही आणि तिची चूक आहे असं मी म्हणूच शकत नाही. बंडूबद्दल जो तो सल्ला द्यायला लागला. एकानं सांगितलं शेतावर बांधा, एकानं सांगितलं हायवेला लांब नेऊन सोडा, एकानं सरळ कायमचं झोपवायचं इंजेक्शन देऊन टाका म्हणून सांगितलं. इथं एक सांगते, कुत्रा सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या कायद्यानं गुन्हा आहे, फक्त पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. पन्नास रुपये! वडापावच्या दोन प्लेटचे. म्हणून तर पट्ट्याची खूण गळ्यात असलेली लॅब आणि पॉमेरियन रस्त्यावर फिरताना दिसतात. आणि दुसऱ्या बाजूला, आपलं जनावर दुसऱ्याला इजा करू शकतं हे माहीत असून काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही खरं आहे आणि ते योग्यच आहे.

शेवटी आम्ही बंडूला एका तरुण व्हेट मॅडमकडं नेलं. मी आधीच सांगितलं चावतो म्हणून. त्यांनी टेबलवर घेतलाच नाही. स्वतः खाली फरशीवर बसल्या, त्याच्याकडं पाठ अर्धवट करून, आणि पंधरा-वीस मिनिटं मलाच प्रश्न विचारत राहिल्या. डोकं झटकतो का? हो, वर्षभर झटकतोय. कान खाजवतो का? हो. सोफ्यावर उडी मारतो का? नाही, दिवाळीपासून नाही, आम्ही म्हणायचो वय झालं. बसताना एक पाय बाहेर टाकून बसतो का? हो, तसाच बसतो, फोटो पण आहेत. जिना उतरताना? थांबतो. मी उत्तरं देत गेले आणि माझ्या लक्षात यायला लागलं की मला हे सगळं माहीत होतं.

नंतर थोडी गुंगी देऊन तपासला. उजवा कान आतून लालभडक, तपकिरी घाण, वास. जुनं इन्फेक्शन, बुरशी आणि बॅक्टेरिया दोन्ही. लटकत्या कानांच्या कुत्र्यांना आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत हे फार होतं, कानात हवा खेळत नाही. मागच्या पायांचा एक्स-रे शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन काढला, तर दोन्ही खुब्यांचे सांधे खराब, लॅबमध्ये हा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि वजन वाढलं की त्रास वाढतो. बंडू तेव्हा ४१ किलो होता. म्हणजे डोक्याला हात लावला की कानात कळ, मागून उचललं की कमरेत कळ. आणि त्यात त्याला आम्ही पाठीवर पाडून गळा दाबत होतो, संपादक साहेब. दुखऱ्या कमरेवर.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. लहानपणी आजोबांची म्हैस एकदा धार काढायला बसलं की लाथ झाडायला लागली होती, शांत म्हैस, कधी पाय उचलला नव्हता. आजोबांनी काठी घेतली नाही, आधी कास चाचपली, एक सड गरम आणि कडक लागला, दगडी म्हणजे कासेची सूज झाली होती. डॉक्टर बोलावला, आठ-दहा दिवसांत लाथ बंद. आपल्याकडं जनावरं पाळणाऱ्या कुठल्याही माणसाला ही अक्कल असते, बैल जू घेईना तर खांदा बघतात, मग घरात सोफ्यावर वाढवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ती कुठं जाते हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारलाय.

नंतर मी याच्यावर जेवढं मिळेल तेवढं वाचलं. ते म्होरक्या लांडग्याचं प्रकरण १९४७ सालच्या एका अभ्यासातून आलंय, शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले पिंजऱ्यात ठेवलेले लांडगे बघून ते मांडलं. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी स्वतः ही कल्पना आधी लोकांपर्यंत नेली होती, पण कॅनडात मोकळ्या लांडग्यांबरोबर कितीतरी उन्हाळे काढल्यावर १९९९ साली त्यांनीच लिहिलं की अहो, रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, कुटुंब असतं ते, कुणी मारामारी करून बॉस होत नाही. पंचवीस वर्षं उलटून गेली, आणि आमच्या साताऱ्यात अजून त्या पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या नावावर कुत्री पाठीवर पाडली जातायत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या व्हेट लोकांनी २००९ साली १४० कुत्रामालकांना विचारलं होतं की तुम्ही कुत्र्याला सुधारायला काय काय केलं आणि त्यावर कुत्र्यानं काय केलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला, ज्यांनी पाठीवर पाडलं त्यांच्यातल्या ३१ टक्क्यांवर. आणि इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या डॅनियल मिल्स यांनी २०२० मध्ये मांडलं की वागणुकीच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडं येणाऱ्या प्राण्यांपैकी, हात राखून धरलं तरी, साधारण एक तृतीयांश प्राण्यांना कुठं ना कुठं दुखत असतं. म्हणजे आमचा बंडू काही जगावेगळा नव्हता.

पत्र लिहिणाऱ्या त्या काकांसाठी आता जरा सविस्तर लिहिते. कुत्रा कुठल्या जातीचा, किती वर्षांचा ते त्यांनी लिहिलं नव्हतं, पण काका, पहिलं काम व्हेट. वहीत लिहून न्या की कुठं हात लावल्यावर गुरगुरतो, कोण होतं, तो झोपेत होता का, खात होता का, किती वाजता. जमलं तर लांबून मोबाईलवर त्याचं चालणं, उठणं, बसणं शूट करून न्या, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा बऱ्याचदा लंगडतच नाही. कान, दात, सांधे, पाठ, गुदाजवळच्या ग्रंथी, कातडी सगळं बघायला सांगा. गोचीड असतील तर गोचीड तापाची रक्त तपासणी करून घ्या, त्या तापात सांधे दुखतात. म्हातारा असेल तर नजर आणि ऐकणंही बघा, दिसत नाही ऐकू येत नाही आणि अचानक अंगावर हात पडतो, कोणीही दचकेल. आणि कृपा करून घरातली आपली पेनकिलर गोळी त्याला देऊ नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

दुसरं म्हणजे गुरगुरण्याच्या आधी कुत्रा खूप काही सांगत असतो ते बघायला शिका. मला मॅडमनी शिकवलं. भूक नसताना ओठावरून जीभ फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड दुसरीकडं फिरवतो पण डोळे तुमच्याकडं, त्यामुळं डोळ्याचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसतो. कान मागं, शेपूट पोटाखाली. मग अंग एकदम ताठ होतं, श्वास धरतो, पुतळ्यासारखा. ह्याच्याही नंतर गुरगुरणं येतं. आमच्याकडं जुने व्हिडिओ आहेत, वाढदिवसाचे, बंडूच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतोय आम्ही, सगळे हसतोय, आणि तो जांभई देतोय आणि तोंड फिरवतोय. लोक कौतुकानं म्हणायचे बघा कसा लाजतोय. मला आता ते व्हिडिओ बघवत नाहीत.

गुरगुरला की हात थांबवा, हळू काढून घ्या, उभे राहा, लांब व्हा. ओरडू नका. लोक म्हणतात मग तो जिंकला, त्याला सवय लागेल. अहो तो एवढंच सांगतोय की नको, आणि नको म्हटलेलं ऐकलं जातं हे त्याला कळलं की पुढची पायरी चढायची त्याला गरज उरत नाही. मग शांतपणे विचार करा कशामुळं झालं.

बंडूच्या कानाचं औषध दीड महिना चाललं, वजन वर्षभरात ४१ वरून ३४ वर आणलं, त्यासाठी सासूबाईंची शेवटची तुपाची पोळी बंद करावी लागली आणि ते औषधापेक्षा अवघड होतं. घरात गुळगुळीत स्टाइलच्या फरशा आहेत, त्याच्यावर त्याचे मागचे पाय फाकायचे, तिथं रबरी मॅट आणि जुन्या सतरंज्या टाकल्या. दुखणं कमी झालं. पण हाताची भीती लगेच गेली नाही, कारण हात म्हणजे दुखणं हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. ते काढायला सहा-सात महिने लागले आणि त्यात एक चूक आम्ही केली ती सांगते कारण सगळे तीच करतात. आम्ही आधी उकडलेल्या चिकनचा तुकडा दाखवायचो आणि तो खाताना हात लावायचो. चार दिवसांत तो चिकन बघून मागं सरायला लागला! मॅडम म्हणाल्या क्रम उलटा झाला. आधी हात, मग चिकन. तेही जिथं त्याला चालतं तिथून सुरुवात, आमच्या बाबतीत छाती, एक सेकंद हात, हात काढला, मग तुकडा. पाच वेळा झालं की बस, दिवसातून दोनदा. तो स्वतःहून छाती पुढं करायला लागला तेव्हा खांदा, मग मानेच्या बाजूला, कान अगदी शेवटी. मध्ये एकदा घाई केली तर परत छातीवर यावं लागलं.

आणि रोजच्या लाडासाठी तीन सेकंदांचा नियम. वरून डोक्यावर हात आणायचा नाही, बाजूला बसायचं, त्याला बोलवायचं, तो आला तर छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद कुरवाळायचं आणि थांबायचं. त्यानं नाक घुसवलं, टेकला, तर अजून. उठून गेला तर गेला, त्याच्या मागं जायचं नाही. हा नियम पाहुण्यांनाही आहे, गौरी-गणपतीत घर भरलं की बंडूची खोली वेगळी, दार बंद, पाणी, पंखा, आणि दारावर माझ्या मुलीनं पाटी लावलीय. झोपलेला असताना कुणीही हात लावायचा नाही, लांबून नावानं हाक मारायची. लहान मुलं आणि कुत्रा मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत नाही, कितीही गरीब कुत्रा असला तरी, आणि मोठं माणूस म्हणजे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं नाही, मी चार फुटांवर होते तरी कमी पडले.

मुसकं घालायची पण सवय लावली, दवाखान्यासाठी. त्यातही कापडी पट्टीचं मुसकं नको, त्यात कुत्र्याला तोंड उघडता येत नाही, आणि कुत्रा तोंड उघडून धापा टाकूनच अंग गार करतो, उन्हाळ्यात जीव जाईल. जाळीचं घ्या, त्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. आधी नुसतं त्यात खाऊ ठेवून नाक घालायला शिकवलं, पट्टा बांधायला पंधरा दिवस घेतले. शेजारी म्हणाले बिचाऱ्याला मुसकं. पण त्यामुळंच आता तो दवाखान्यात शांत असतो आणि डॉक्टरही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते, सगळं घरच्या घरी होतं असं नाही. ज्यानं एकदा चावा घेतलाय, किंवा घरात रांगतं बाळ आहे, किंवा तपासण्या सगळ्या नॉर्मल येऊनही कुत्रा हात लावू देत नाही, तिथं प्राण्यांच्या वागणुकीचं शिक्षण घेतलेल्या माणसाचीच मदत घ्या आणि तोपर्यंत जाळीचं दार लावून दोघांना वेगळं ठेवा. ट्रेनर बोलवाल तर पहिला प्रश्न विचारा, कुत्रा गुरगुरला तर तुम्ही काय करता? उत्तरात पट्ट्याचा झटका, पाडणं, काटेरी पट्टा, शॉकचा पट्टा असं काही आलं तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

आणि आपल्याला एक विनंती. कुत्रा चावल्याची बातमी आली की "अचानक हल्ला" असं छापून येतं. कधी तरी त्या घरात जाऊन विचारा ना की आधी गुरगुरायचा का, कधीपासून, तेव्हा घरच्यांनी काय केलं. रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या गोंडस फोटोंना अर्धं पान असतं, त्यातलं एक बोट भर जागा या जीभ फिरवण्याला, जांभईला, डोळ्याच्या पांढऱ्या कडेला दिलीत, चित्र काढून, तर शाळेतली मुलं पण वाचतील. आमच्या भाच्याला हे आधी कुणी दाखवलं असतं तर. आता त्याला सगळ्या खुणा पाठ आहेत, आपल्या वर्गातल्या पोरांना शिकवतो.

नणंद या मे महिन्यात परत आली, पोराला घेऊन. तो दारातच थांबला, खाली बसला आणि म्हणाला, मामी, त्याला यायचं असेल तर येऊ दे. बंडू मॅटवरून उठला नाही. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बंडू गेला, त्याच्या हाताचा वास घेतला, तिथंच, जिथं दोन बारीक पांढरे डाग आहेत, आणि त्याच्या गुडघ्याला टेकून बसला. पोरानं छातीला हात लावला, मोठ्यानं मोजलं, एक, दोन, तीन, आणि हात काढला. आणि गेल्या सोमवारी, पाऊस सुरू झालाय तर बंडूची कंबर परत धरलीय, मी मागचा पाय पुसताना तो हळूच गुरगुरला, दीड वर्षांत पहिल्यांदा त्याचा तो आवाज ऐकला मी. टॉवेल बाजूला ठेवला आणि मॅडमना फोन केला, बुधवारची अपॉइंटमेंट मिळाली.

आपली,
एक वाचक, सातारा